‘मेंदूचं वय ५४’ आणि ऐकू न आलेला ‘साठ’

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मेंदूच्या व्यायामावर लेख आला होता. रोज पंधरा मिनिटं कोडी सोडवली, मोबाइलवर मेंदूचे खेळ खेळले, की स्मृतिभ्रंश टाळता येतो, असं त्यात ठामपणे म्हटलं होतं. माझ्या यजमानांनी तो लेख वाचला, पुरवणीची घडी घातली, ती माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “तू लिही. तुला आकडे नीट मांडता येतात.” म्हणून हे पत्र. लांबलं आहे याची जाणीव आहे. कापावं लागलं तर कापा, पण ‘टाळता येतो’ या शब्दांबद्दल जे लिहिलं आहे ते तेवढं ठेवा.

मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. डॉक्टर नाही. पण गेली तीन वर्षं हा विषय आमच्या घरात राहतो आहे, आणि सुरुवात मी स्वतः केली आहे.

माझे थोरले दीर स्मृतिभ्रंशाने गेले. शेवटच्या वर्षात ते ह्यांना ओळखत नव्हते. सख्ख्या भावाची ती अवस्था पाहून ह्यांच्या मनात भीती बसली. किल्ली सापडेना, एखादं नाव आठवेना, की चेहरा उतरायचा. मला ते बघवेना. तेव्हा मीच त्यांच्या मोबाइलवर एक मेंदूच्या खेळांचं अ‍ॅप घेऊन दिलं, वर्षाची वर्गणीही मीच भरली. पडद्यावर क्षणभर चमकून जाणारे आकडे लक्षात ठेवायचे, उलट्या क्रमाने सांगायचे, एकसारख्या चित्रांतलं वेगळं चित्र हेरायचं, असे खेळ. शेवटी अ‍ॅप एक आकडा दाखवायचं: तुमच्या मेंदूचं वय.

ह्यांनी एक रजिस्टर केलं. तारीख, खेळ, गुण, मेंदूचं वय, असे चार रकाने, पट्टीने आखलेले. पहिल्या दिवशी मेंदूचं वय ७१ होतं, म्हणजे तेव्हाच्या त्यांच्या खऱ्या वयापेक्षा एक जास्तच. दोन वर्षांनी ते ५४ झालं. त्या दिवशी त्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला होता. तो गोल अजून रजिस्टरात आहे.

आणि त्याच दोन वर्षांत ते आम्हाला हळूहळू हरवत चालले होते.

विचारलं एक, उत्तर दुसरंच, असं व्हायला लागलं. चारजण बसले असतील तर हे मधेच गप्प व्हायचे, मग उठून आत जायचे. मुलगी फोनवर काही सांगायची, दुसऱ्या दिवशी ह्यांना त्यातलं काही आठवत नसायचं. एका संध्याकाळी मी एका पुस्तकातला उतारा त्यांना दाखवणार होते. माझ्याकडे एक प्रत, त्यांच्याकडे एक. मी म्हटलं, “अहो, पान साठ काढा.” त्यांनी पान आठ काढलं आणि मी वाचायला सुरुवात करायची वाट बघत शांतपणे बसून राहिले. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा आठच्या पानाकडे बघून म्हणाले, “काढलंय की.” माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं, झालं, सुरुवात झाली.

त्यांनाही तेच वाटत होतं, हे मला पुढे कळलं. बोलले नाहीत. त्यांनी खेळाचा वेळ वाढवला. सकाळचा अर्धा तास होताच, संध्याकाळचा एक तास आणखी घेतला. संध्याकाळी मित्रांबरोबर चालायला जायचे ते त्यासाठी बंद केलं. मी अडवलं नाही. उलट मुलीला सांगितलं, की बाबा मनापासून प्रयत्न करतायत. आज मागे वळून बघते तेव्हा मला सगळ्यात जास्त हेच लागतं. जे खरोखर उपयोगाचं होतं, चालणं आणि चार माणसांत बसणं, ते सोडून आम्ही एका आकड्याच्या मागे लागलो होतो.

शेवटी मुलगी आम्हाला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी ह्यांची कागदावरची स्मरणशक्तीची चाचणी घेतली, रक्ततपासणी सांगितली (ब१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉइडचा त्रास, नैराश्य, काही गोळ्या, यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार असतो), आणि मग एक साधा प्रश्न विचारला: “कान तपासलेत का कधी?” नव्हते तपासले. एकदाही नाही.

श्रवणतज्ज्ञ बाईंनी ह्यांना काचेच्या खिडकीच्या एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक शिटीसारखा आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मी बाहेर त्यांच्या यंत्राशेजारी बसले होते. आवाज मला ऐकू येणार नव्हता, पण बाई कधी आवाज सोडतात ते दिसत होतं. जाड, खालच्या पट्टीतल्या आवाजांना ह्यांचा अंगठा लगेच हलायचा. मग बाई वरच्या पट्टीत गेल्या. त्यांनी आवाज सोडला. अंगठा हलला नाही. थोडा मोठा केला. नाही. आणखी मोठा. हे समोर बघत, ताठ बसून, अगदी लक्ष देऊन वाट बघत होते. पान आठ उघडून बसले होते ना, तसेच.

ऑडिओग्राम हातात आला. आडव्या अक्षावर आवाजाची पट्टी, उभ्या अक्षावर तो ऐकू यायला किती मोठा करावा लागला ते. रेषा डावीकडे ठीक होती आणि १००० हर्ट्झच्या पुढे उजवीकडे उतरत गेली होती. बाईंनी समजावून सांगितलं, की आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत आणि ठसठशीत असतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ असली व्यंजनं वरच्या पट्टीत आणि क्षीण असतात. ह्यांना ‘आ’ ऐकू येत होता, ‘स’ येत नव्हता. मी तिथेच मनात उच्चारून पाहिलं. ‘साठ’मधला ‘स’ काढला की ‘आठ’ उरतो.

संपादक महोदय, माझे यजमान दोन वर्षं रोज आकडे पाठ करत होते, आणि आकडे पडद्यावर दिसत होते, बोलले जात नव्हते. त्या खेळाला कान लागतच नव्हते. मेंदूचं वय ५४ दाखवणाऱ्या अ‍ॅपला ह्यांच्या अडचणीचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं. स्मरणशक्तीची चाचणी त्यांच्या वयाला साजेशी आली होती. जे कानांत नीट शिरलंच नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी आठवणार कुठून?

श्रवणयंत्रं घेतली. पहिले काही आठवडे त्रासाचे गेले, भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा, दोनदा काढून ठेवली. पुन्हा पुन्हा जाऊन ती जुळवून घ्यावी लागली. आता दिवसभर घालतात. मित्रांत जाऊन बसतात.

यानंतर मी वाचायला बसले. मुलगी संशोधन-निबंध काढून द्यायची. त्यातलं जे मला पटलं आणि समजलं ते लिहिते.

एक प्रयोग माझ्या मनातून जात नाही. एरिक्सन आणि चेस या मानसशास्त्रज्ञांनी तो अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात केला आणि १९८० साली ‘सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. एका साधारण बुद्धीच्या विद्यार्थ्याला सेकंदाला एक या गतीने आकडे वाचून दाखवायचे आणि त्याने ते त्याच क्रमाने सांगायचे. सुरुवातीला त्याला सातच्या आसपास आकडे जमायचे, तुम्हाआम्हाला जमतात तितकेच. दीड वर्षाहून अधिक काळ, आठवड्यातून तीन ते पाच दिवस, रोज तासभर सराव करून तो ७९ आकड्यांपर्यंत पोचला! पण त्यामागची युक्ती बघा. तो मुलगा धावपटू होता. ३४९२ असे आकडे आले की तो मनात म्हणायचा, ‘३ मिनिटं ४९.२ सेकंद, एक मैलाच्या विश्वविक्रमाच्या जवळपासची वेळ.’ आकड्यांचे तो असे गठ्ठे बांधत होता. मग संशोधकांनी आकड्यांऐवजी अक्षरं दिली. अक्षरांना धावण्याच्या वेळा लावता येत नाहीत. आणि मुलगा सहा अक्षरांवर आला.

मी हे वाचलं तेव्हा माझे वर्ग डोळ्यांसमोर आले. एका साच्याची पन्नास उदाहरणं घोटून घेतली की मुलं ती झरझर सोडवतात. तीच राशी जरा वेगळ्या शब्दांत शाब्दिक उदाहरणात घातली की हात थांबतात. जे घोटलं ते येतं, त्याच्या अगदी शेजारचं थोडं येतं, लांबचं येईलच असं नाही. शिक्षकाला हे रोज दिसतं. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ सालीच हे मांडलं होतं. मेंदू म्हणजे दंडाचा स्नायू नव्हे, की कुठलंही वजन उचललं तरी सगळ्या कामांसाठी बळ येईल.

मेंदूच्या खेळांची मोठ्या प्रमाणावर परीक्षाही झाली आहे. बीबीसीच्या सहकार्याने ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर असे खेळ खेळले, निष्कर्ष २०१० साली ‘नेचर’मध्ये आले. खेळात सगळे सुधारले. पण त्या खेळांशी मिळत्याजुळत्या, तरी सराव न केलेल्या चाचण्यांतसुद्धा त्यांना त्याचा फायदा झाला नाही. ते लोक साठीच्या आतले होते आणि सहा आठवडे फार नव्हेत, हेही सांगायला हवं. पण ज्यांनी जाहिराती केल्या त्यांनी एवढंही थांबून पाहिलं नाही. २०१६ च्या जानेवारीत ल्युमोसिटी हा खेळ बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी (फसव्या जाहिरातींवर कारवाई करणाऱ्या सरकारी संस्थेशी) तडजोड करून २० लाख डॉलर भरले. या खेळांनी शाळेत, कामावर फायदा होतो आणि वयानुसार येणारी बुद्धीची घसरण लांबते, असे दावे पुरेशा पुराव्याशिवाय केल्याचा आरोप तिच्यावर होता.

आपल्या लेखात मेंदूच्या स्कॅनचं चित्र होतं आणि सरावाने मेंदू बदलतो असं लिहिलं होतं. बदलतो, हे खरंच आहे. २००४ साली जर्मनीत काही तरुणांना तीन चेंडू हवेत खेळवायला शिकवलं, तेव्हा तीन महिन्यांत मेंदूच्या काही भागांत करडं द्रव्य, म्हणजे मेंदूतला चेतापेशींचा भाग, वाढलेलं दिसलं. सराव सोडल्यावर तीन महिन्यांनी ती वाढ बरीचशी ओसरली. काहीही नवीन शिकलं की मेंदूत खूण उमटते. त्यावरून रोग दूर राहील असं म्हणणं ही दुसरी, फार मोठी उडी आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे आणि मला ती दडवायची नाही. अमेरिकेत १९९८ पासून ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाचा अभ्यास झाला. ६५ च्या पुढचे २,८३२ लोक, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत विभागलेले: एका गटाला स्मरणाच्या युक्त्या शिकवल्या, दुसऱ्याला तर्काच्या, तिसऱ्याला झटकन बघून ओळखण्याचा सराव दिला, चौथ्याला काहीच नाही. या तिसऱ्या प्रकारात पडद्याच्या मध्ये एक वाहन क्षणभर दिसतं, त्याच क्षणी कडेला कुठेतरी दुसरं दिसतं, दोन्ही टिपायची. जमलं की वेळ आणखी कमी होतो. पाच-सहा आठवड्यांत दहा बैठका, आणि काहींना एक आणि तीन वर्षांच्या सुमारास थोडी उजळणी. दहा वर्षांनी पाहिलं तर या तिसऱ्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्के कमी आढळला, हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. तिथे रोगाचं निदान दवाखान्यात झालेलं नव्हतं, चाचण्या आणि लोकांनी स्वतः दिलेली माहिती यांवरून ठरवलं होतं, म्हणून शंका राहिली. मग २०२६ साली वीस वर्षांचा हिशेब आला, या वेळी विम्याच्या नोंदींतल्या निदानांवरून. उजळणीसह हा सराव केलेल्यांत निदानाचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतं. उजळणी न केलेल्यांत फरक नव्हता. स्मरणाच्या आणि तर्काच्या गटांतही नव्हता.

या निकालाने मला आशा वाटते, आणि मी ती मनापासून लिहिते. पण त्यात नेमकं काय आहे ते नीट वाचा. एका विशिष्ट प्रकारचा सराव, माणसाला जमेल तसा अवघड होत जाणारा, एकूण वीस-बावीस तासांच्या आत, ठरावीक काळाने उजळणीसह. आकडे पाठ करण्याचा खेळ नाही, रोज दीड तास नाही. आपल्या लेखातल्या यादीत या प्रकारचा एकही खेळ नव्हता. ज्या गटाला स्मरणाचाच सराव दिला होता त्याच्यात रोग कमी झाला नाही, आणि आम्ही मात्र दोन वर्षं स्मरणाचाच सराव करत बसलो होतो.

शब्दकोड्यांबद्दल लिहिताना माझा हात जरा थांबतो, कारण थोरले दीर शब्दकोड्यांचे भक्त होते. चाळीस वर्षं रोज. पेन्सिल वापरायचे नाहीत, थेट पेनाने भरायचे. ते आजारी पडले तेव्हा भेटायला येणारे जाऊबाईंना विचारायचे, “मेंदूला काही काम देत नव्हते का हो?” त्या काय उत्तर देणार? माणूस डोळ्यांसमोर पुसट होत असताना त्याच्याच आळसावर बोट ठेवणारा हा प्रश्न त्यांनी कितीदा ऐकला असेल. ‘कोडी सोडवा, स्मृतिभ्रंश टाळा’ या वाक्याची दुसरी बाजू हीच आहे. ज्याला झाला त्याने टाळला नाही, असा त्याचा अर्थ घराघरांत निघतो. म्हणून मला हा शब्द छापील अक्षरांत सोसवत नाही.

दिरांचं दुखणं अचानक वाढलं असं सगळ्यांना वाटलं होतं. वर्षभरापूर्वीपर्यंत ठणठणीत, आणि मग घसरण इतकी वेगाची, की आम्हाला काही कळेना. त्याचा उलगडा मला न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स भागातल्या एका दीर्घ अभ्यासात सापडला. तिथल्या ४८८ वृद्धांपैकी १०१ जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. त्यांच्यापैकी जे शब्दकोडी सोडवायचे, त्यांची स्मरणशक्ती वेगाने घसरायला सुमारे अडीच वर्षं उशिरा सुरुवात झाली. पण एकदा सुरू झाल्यावर घसरण इतरांपेक्षा जास्त वेगाची होती. जाणकार याला बौद्धिक राखीव साठा म्हणतात: शिक्षण, वाचन, बुद्धीचं काम यांनी जमलेली पुंजी आतल्या नुकसानाला बराच काळ पुरून उरते, रोग आत वाढत असतानाही माणूस चारचौघांसारखा वागतो. पुंजी संपते तेव्हा मात्र आतलं सगळं एकदम दिसायला लागतं. कोडी सोडवणाऱ्यांवर नुसती नजर ठेवून केलेला हा अभ्यास आहे, त्यामुळे कोड्यांमुळेच तसं झालं असं म्हणता येत नाही. तरी मी तो जाऊबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे आम्हाला अडीच वर्षं जास्त मिळाली असतील.”

असाच दुसरा अभ्यास स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचा. १९३६ साली जन्मलेले ४९८ लोक. त्यांची वयाच्या अकराव्या वर्षी शाळेत बुद्धिमत्ता चाचणी झालेली, त्यामुळे मूळ कुवत माहीत होती. म्हातारपणी त्यांना अनेक वर्षं पुन्हा पुन्हा तपासलं. २०१८ साली निष्कर्ष आला तो मी विद्यार्थ्यांना सांगावा तसा सांगते: आलेखावर दोन रेषा काढा. आयुष्यभर बुद्धीची कामं आवडीने केलेल्यांची रेषा वरून सुरू होते, बाकीच्यांची खालून. पण दोन्हींचा चढ, म्हणजे इथे उतार, सारखाच. वरून निघालेला माणूस अडचणीच्या पातळीवर उशिरा पोचतो, हा फायदा लहान नाही. उतार मात्र कोड्यांनी कमी झालेला दिसला नाही.

आणि आधीच थोडी विस्मृती सुरू झालेल्या १०७ जणांवर एक चाचणी झाली, २०२२ साली तिचे निष्कर्ष आले. निम्म्यांना संगणकावर शब्दकोडी दिली, निम्म्यांना मेंदूचे खेळ. दीड वर्षानंतर शब्दकोडीवाले थोडे सरस निघाले. संख्या लहान आहे, काहीच न करणारा तिसरा गट नव्हता. पण वर्गणी भरून घेतलेला खेळ आपल्या रोजच्या कोड्यापेक्षा वरचढ असतो असं समजण्याचं कारण नाही, इतकं तरी त्यातून कळतं.

मग उतार कशाने कमी होतो? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ साली १४ कारणं मांडली, जी हातात घेता येतात. कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, लठ्ठपणा, अति मद्य, डोक्याला मार, नैराश्य, बैठी राहणी, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, आणि नजर कमी होणं. सगळी दूर झाली तर जगातले जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. गणिताची शिक्षिका म्हणून एक सांगते: हा आकडा सगळ्या लोकसंख्येचा आहे, आणि त्यातले काही भाग एका माणसाच्या हातातच नाहीत. हवा कोण एकट्याने साफ करणार? तुमचा स्वतःचा धोका ४५ टक्क्यांनी उतरेल असा त्याचा अर्थ काढू नका. पण या यादीत कानांचा वाटा ७ टक्के आहे, कोलेस्टेरॉलच्या बरोबरीने सगळ्यांत मोठा. आणि मेंदूचे खेळ न खेळणं हे कारण यादीत नाही.

कानांबद्दलही वाढवून सांगत नाही. २०२३ साली ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षांची चाचणी झाली. श्रवणयंत्रं दिलेल्या आणि न दिलेल्या सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर बुद्धीच्या घसरणीत फरक पडला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. ह्यांना पुढे काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. श्रवणयंत्रामुळे ते माणसांत परत आले, एवढं मी डोळ्यांनी बघते आहे.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षं प्रयोग झाला, त्यात मेंदूचा सराव होता, पण आहार, व्यायाम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष यांच्या जोडीने. त्या सगळ्यांचा मिळून फायदा दिसला. चालण्याबद्दलही एक आकडा आहे: २०११ च्या एका अभ्यासात आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं चालणाऱ्या वृद्धांमध्ये वर्षभरात स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे २ टक्के वाढला, नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांत तो आक्रसला. आणि संध्याकाळचं चालणं आम्ही कशासाठी सोडलं होतं, ते वर लिहिलंच आहे.

कोडी सोडवू नका, असं मी कोणाला सांगणार नाही. मी रोज सुडोकू सोडवते, मला त्यात मनापासून आनंद मिळतो. पण आपल्या वाचकांमध्ये ह्यांच्यासारखे घाबरलेले पुष्कळ असतील. विसरायला झालं की ते कोणाला सांगत नाहीत, आत बसून खेळाच्या पुढच्या लेव्हलला जातात. त्यांच्या घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांच्या हातातला गुणांचा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. त्यांच्या पाठीमागे उभं राहून, ओठ दिसणार नाहीत असे, साध्या आवाजात ‘पान साठ काढा’ म्हणून बघा. त्यांनी आठ काढलं तर आधी कान तपासा, रक्तदाब मोजा, डोळ्यांचा नंबर बघा, डॉक्टरांना सगळं सांगा. आणि कान चांगले असूनही विसर पडत असेल तर लपवू नका, लवकर जा.

आपल्याकडे दोन गोष्टी मागते. पुढच्या पुरवणीत ‘टाळता येतो’च्या जागी खरं काय ते छापा. पुरवणीत आलेली चूक पुरवणीतच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्त व्हावी. आणि शब्दकोड्याच्या सूचना सध्या इतक्या बारीक टाइपात येतात, की जाऊबाईंना भिंग धरूनही लागत नाहीत. त्या आता दिरांच्या जागी बसून, त्यांच्याच पेनाने रोजचं कोडं भरतात. टाइप दोन घरं मोठा केलात तर त्यांना कोणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका
(नाव छापू नये, ही विनंती)